कोकणकन्येचं तिकीट काढताय? आधी तारीख बघा, बाकीचं नंतर

दरवर्षी जूनच्या शेवटाला आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो, "कोकणकन्येचं बुकिंग कधी उघडतंय रे?" आणि दरवर्षी मीच सगळं पहिल्यापासून टाइप करत बसतो, म्हणून या वेळी एकदाच नीट लिहून ठेवतोय, पुढच्या वर्षी नुसतं फॉरवर्ड मारायचं.

गाडी सगळ्यांना माहितीच आहे पण तरी. मुंबई सीएसएमटी ते मडगाव, रोज रात्री, नंबर २०१११, आणि मडगावहून मुंबईकडे येते ती २०११२. आमच्या काकांच्या डोक्यात अजून १०१११ आहे, तो जुना झाला, गाडी सुपरफास्ट झाली तेव्हा नंबर बदलला, त्यामुळे जुना नंबर टाकून "गाडी दिसत नाय" म्हणून फोन करू नका. सीएसएमटीवरून रात्री ११.०५ ला सुटते, दादर, ठाणे करत पनवेलला येते, पुढे खेड, चिपळूण झोपेत जातात, रत्नागिरीला पहाट होते, कणकवली-कुडाळ-सावंतवाडी सकाळी चहाच्या टायमाला आणि मडगाव दुपारच्या आत. वेळा पाचदहा मिनिटांनी इकडेतिकडे होत असतात, निघायच्या दिवशी अॅपवर बघायच्याच.

आता मेन मुद्दा, ज्यासाठी हे सगळं लिहितोय. ही गाडी मुंबईतून सुटते एका तारखेला आणि पनवेलला पोचते दुसऱ्या तारखेला. दादर आणि ठाणे बाराच्या आत होतात पण पनवेलला बारा वाजून गेलेले असतात. म्हणजे शनिवारी रात्री सुटलेल्या गाडीत दादरवाल्याच्या तिकिटावर शनिवारची तारीख आणि पनवेलवाल्याच्या तिकिटावर रविवारची, गाडी तीच, डबाही तोच. साधं वाटतं ना? मला पण वाटलं होतं.

आम्ही कामोठ्याला राहतो त्यामुळे आमचं बोर्डिंग पनवेल. एका वर्षी मी शुक्रवारी जायचं म्हणून शुक्रवारची तारीख टाकून चार तिकिटं काढली, सगळी कन्फर्म, लोअर बर्थ पण मिळाला, मी खूष. शुक्रवारी रात्री सव्वाअकराला आई, बायको, पोरगी, चार बॅगा, एका पिशवीत गणपतीचे मखराचे कागद, असं सगळं घेऊन पनवेलच्या प्लॅटफॉर्मवर. गाडी आली, डब्यात चढलो, आमच्या बर्थवर दुसरंच कुटुंब चादरी पसरून बसलेलं. मी आवाज चढवून तिकीट दाखवायला लागलो. त्या माणसाने शांतपणे माझा मोबाईल हातात घेतला, तारखेवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "दादा, तुमची गाडी काल रात्री गेली." शुक्रवार ००.२५ म्हणजे गुरुवारची रात्र, हे माझ्या डोक्यात शिरायला गाडी सुटायची वेळ आली. उतरलो खाली. आई बॅगेवर बसली आणि एवढंच म्हणाली, "अरे मेल्या, इतका शिकलंस कशाक?" त्या रात्री एसटी स्टँडवर जाऊन मिळेल त्या गाडीत बसून गेलो, कुडाळला पोचायला दुपार झाली आणि गणपतीच्या डोक्यावरची फळापानांची माटोळी बांधायचं काम भावानेच उरकून टाकलेलं. ते तो अजून ऐकवतो.

म्हणून नियम एकच लक्षात ठेवा. तिकिटावर पनवेलची तारीख असेल त्याच्या आदल्या रात्री जेवून घरातून निघायचं. तिकीट काढलं की लगेच घरच्यांना तारीख पाठवू नका, वार आणि रात्र पाठवा, "शनिवारी रात्री जेवल्यावर निघायचं" असं. तारीख पाठवली की कोणीतरी चुकतंच.

हाच घोळ बुकिंगच्या दिवसालाही होतो पण तिथे तो आपल्या फायद्याचा असू शकतो. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आगाऊ बुकिंग ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी १२० होते. हे ६० दिवस मोजायचे गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेपासून, तुम्ही चढता तिथल्या नाही, आणि प्रवासाचा दिवस धरायचा नाही. २०२६ चं उदाहरण घेऊ. गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी. तुम्हाला शनिवारी १२ च्या रात्रीची गाडी पाहिजे. १२ सप्टेंबरच्या मागे ६० दिवस म्हणजे १४ जुलै, मंगळवार, सकाळी ८ वाजता बुकिंग उघडणार. आता पनवेलवाल्याच्या तिकिटावर १३ सप्टेंबर येणार, तो बिचारा १३ च्या मागे ६० दिवस मोजून १५ जुलैला सकाळी चहा घेऊन बसतो, आणि तोपर्यंत त्याच गाडीची तिकिटं आदल्या दिवशीच संपून वेटिंग दोनशेच्या पुढे. पनवेलवाल्यांनी १४ लाच १३ तारीख टाकून बसायचं. हे कळेपर्यंत माझी दोन वर्षं गेली.

बुकिंगच्या सकाळी काय करायचं तर खरं काम आदल्या रात्री करायचं असतं. आयआरसीटीसीच्या अकाउंटला आधार जोडून व्हेरिफाय करून ठेवा, ऑक्टोबर २०२५ पासून बुकिंग उघडतं त्या सकाळी आधारवाल्यांनाच आधी चान्स मिळतो, बाकीचे बघत बसतात आणि तोपर्यंत आपल्या मार्गावर तर काहीच उरत नाही. सगळ्यांची नावं, वय मास्टर लिस्टमधे भरून ठेवा, एका तिकिटावर सहाच माणसं बसतात त्यामुळे घरात आठ असतील तर दोन अकाउंटवरून दोघांनी एकाच वेळी काढायची. पैसे यूपीआयने किंवा आयआरसीटीसीच्या वॉलेटमधून, कार्डाचा ओटीपी येईपर्यंत गाडी भरते, खोटं नाही सांगत. ७.५५ ला लॉगिन करून बसा, फार आधी केलं तर बाहेर फेकतं. आणि क्लास आधीच ठरवा, स्लीपर का थर्ड एसी, आठ वाजता बायकोला विचारत बसायचं नाही. आमच्याकडे ही चर्चा आठ वाजून दोन मिनिटांनी सुरू होते.

स्टेशन टाकताना एक गंमत. पूर्ण अंतराच्या प्रवाशांना जनरल कोट्यातून जागा मिळते आणि मधल्या छोट्या पल्ल्याच्या बऱ्याच तिकिटांना पूल कोटा लागतो, तो छोटा असतो आणि त्याचं वेटिंग हलत नाही. म्हणून वेटिंगपुढे पीक्यूडब्ल्यूएल (पूल कोट्याचं वेटिंग) दिसलं तर फार आशा ठेवू नका, जीएनडब्ल्यूएल (जनरलचं) असेल तर थोडी ठेवा. काही लोक कुडाळला उतरायचं असून मडगावपर्यंतचं तिकीट काढतात, पैसे थोडे जास्त जातात पण कन्फर्म मिळायचा चान्स वाढतो. तसंच पनवेलला चढायचं असताना सीएसएमटीपासूनचं तिकीट काढून बोर्डिंग पनवेल करून घेता येतं, पण बोर्डिंग बदलायला विसरलात आणि पनवेलला चढलात तर तोपर्यंत तुमचा बर्थ टीसीने दुसऱ्याला दिलेला असू शकतो, तेव्हा तिकीट काढतानाच बोर्डिंग स्टेशन निवडा. आणि एकदा बोर्डिंग पुढचं केलं की मागच्या स्टेशनवर चढायचा हक्क जातो, हेही लक्षात असू द्या.

वेटिंगचं ऑनलाइन तिकीट चार्ट लागल्यावर आपोआप कॅन्सल होतं आणि पैसे परत येतात, त्या तिकिटावर गाडीत चढलात तर विनातिकीटच. काउंटरचं वेटिंग तिकीट घेऊन स्लीपरमधे दाराशी बसून जायचे दिवसही गेले, ते तिकीट आता फक्त जनरलला चालतं. आरएसी मात्र चांगलं, साइड लोअरवर दोघांनी बसून जायचं, निदान गावाला पोचता तरी. चार्ट हल्ली गाडीच्या बराच आधी लागतो त्यामुळे दुपारीच कळतं जायचं का नाही, पूर्वीसारखं जेवण डब्यात भरून स्टेशनवर जाऊन बोर्ड बघायची वेळ येत नाही.

तत्काळ. एसीचं १० वाजता, स्लीपरचं ११ वाजता, गाडी सुटायच्या आदल्या दिवशी. परत तेच, गाडी सुटायच्या! १२ सप्टेंबरच्या गाडीचं तत्काळ ११ ला उघडणार, पनवेलवाल्याच्या तिकिटावर १३ असलं तरी त्याने ११ लाच बसायचं, १२ ला नाही. एका तिकिटावर चारच माणसं, आणि कन्फर्म तत्काळ कॅन्सल केलं तर पैसे मिळत नाहीत. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळला आधार लागतंच. खरं सांगायचं तर गणपतीत तत्काळच्या भरवशावर राहू नका, मे महिन्यात मधल्या वारी वगैरे मिळून जातं. गणपतीच्या स्पेशल गाड्या वेगळ्या जाहीर होतात, त्यांचं बुकिंगही वेगळ्या दिवशी उघडतं, पेपरात बारीक बातमी येते ती बघत राहायचं. आणि रात्रीचीच गाडी पाहिजे असेल तर दादर-सावंतवाडी तुतारी आहे, पण ती दादरहूनच रात्री १२.०५ ला सुटते, म्हणजे तिला तर सगळ्यांचाच तारखेचा घोळ. दिवसा चालत असेल तर मांडवी, जनशताब्दी, वंदे भारत आहेत, दिव्याहून सावंतवाडीची गाडी आहे.

बर्थचे नंबर पाठ करायची गरज नाही, आठचा पाढा पुरतो. ८, १६, २४ हे साइड अप्पर, त्याच्या आधीचा म्हणजे ७, १५, २३ साइड लोअर. बाकी सहात पहिला आणि चौथा खालचा, दुसरा-पाचवा मधला, तिसरा-सहावा वरचा. स्लीपर आणि थर्ड एसीला हे चालतं. आईबाबांना खालचा पाहिजे असेल तर त्यांचं वय बरोबर टाका, ६० वरचे पुरुष आणि ४५ वरच्या बायकांना असेल तर खालचा मिळतो, पण एका तिकिटावर पोरंटोरं सगळी कोंबलीत तर ते गणित बिघडतं. म्हाताऱ्या दोघांचं वेगळं तिकीट काढलेलं बरं. मधला बर्थ रात्री १० ते सकाळी ६ उघडायचा नियम आहे आणि ही गाडी सुटतेच अकराला, त्यामुळे चढल्या चढल्या झोपायचं, गप्पा मारायच्या असतील तर दाराकडे जा, समोरच्या माणसाला खेडला उतरून सकाळी कामाला जायचं असू शकतं.

चढायच्या रात्री. सीएसएमटीला गाडी आधी लागते, तिथून चढणाऱ्यांना आरामात. दादर, ठाणे, पनवेलवाल्यांनी डबा कुठे येणार ते इंडिकेटरवर बघून तिथेच उभं राहायचं, गणपतीत बॅगा घेऊन प्लॅटफॉर्मवर सहा डबे चालणं म्हणजे एक वेगळीच यात्रा असते. जनरलने जायचं असेल तर सीएसएमटीशिवाय पर्याय नाही, दादरला दारात पाय ठेवायला मिळत नाही. जेवण घरूनच न्या, अकराच्या गाडीत कशाला काय विकत घ्यायचं, भाकरी-चटणी किंवा चपाती-भाजी, आणि पाण्याच्या दोन बाटल्या. जाताना सामान कमी ठेवा, येताना नारळ, तांदूळ, कोकमं असणारच आहेत. मे महिन्यात फणस आणणाऱ्यांना एक विनंती, पिकलेला असेल तर एसीत आणू नका, वास अख्ख्या डब्याला पुरतो आणि बंद डब्यात तो जातही नाही. (हा सल्ला माझ्या मामाला आहे, तो वाचणार नाही.)

झोप लागली की उतरायचं स्टेशन जायची भीती असते, जास्त करून खेड, चिपळूण, संगमेश्वरवाल्यांना, कारण ते अपरात्री येतात आणि गाडी दोनपाच मिनिटं थांबते. १३९ ला फोन करून पीएनआर देऊन स्टेशन यायच्या आधी उठवायचा अलर्ट लावता येतो. मी तरी स्वतःचा गजर पण लावतो, मात्र टाइमटेबलच्या वेळेचा लावून उपयोग नसतो, रोह्याच्या पुढे कोकण रेल्वेचा मार्ग बहुतेक एकेरी आहे, समोरून गाडी आली की आपली एखाद्या स्टेशनात क्रॉसिंगला उभी राहते आणि वेळ पुढेमागे होते. त्यामुळे झोपायच्या आधी अॅपवर गाडी किती लेट आहे ते बघून मग गजर. पावसाळ्यात तर वेगळं मान्सून टाइमटेबलच असतं, डोंगर कापून काढलेल्या मार्गात दरडीची भीती असल्याने गाड्या हळू सोडतात आणि रात्रभर ट्रॅकवर माणसं गस्त घालतात. खिडकीतून एखाद्या कटिंगपाशी काळोखात एकच बॅटरी हलताना दिसते ना, तो तोच माणूस. गणपती या टाइमटेबलातच येतो हे विसरू नका.

जागे राहायची हौस असेल तर रत्नागिरीच्या आधी करबुड्याचा बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटरचा, कानात दडे बसायला लागले आणि मोबाईलची रेंज गेली ती बराच वेळ आली नाही की समजायचं आलाच. रत्नागिरीला चहावाले चढतात, तिथून पुढे झोपण्यात अर्थ नाही, भाताची हिरवी शेतं, कौलं, लाल माती सगळं उजेडात दिसायला लागतं आणि डब्यातली भाषाही बदलते. रात्री "जरा सरकून घ्या" म्हणणारा माणूस कणकवलीला "वायच सरक मरे" म्हणतो.

कुठे उतरायचं हेही जरा विचार करून ठरवा. कोकण रेल्वेत ज्या स्टेशनाच्या नावात रोड आहे ते गावात नसतं असंच धरून चाला. सावंतवाडी रोड स्टेशन मळगावात आहे, राजापूर रोड तर राजापूर शहरापासून चांगलंच लांब. रत्नागिरीचं स्टेशनही कुवारबावला, चिपळूणचं वालोपेला, तिथून एसटी किंवा रिक्षा करावी लागते. मालवणला जायचं तर कुडाळ किंवा कणकवली, वेंगुर्ल्याला कुडाळ किंवा सावंतवाडी, जिथून तुमच्या वाडीची एसटी लागते ते बघा. गणपतीत स्टेशनबाहेर रिक्षावाल्याशी भाव करायचा तर बॅगा खाली ठेवायच्या आधी करा, आणि शक्य असेल तर गावातलाच ओळखीचा रिक्षावाला आदल्या दिवशी फोन करून सांगून ठेवा. गोव्याला जाणाऱ्यांनी म्हापसा-कळंगुटसाठी थिवीम, पणजीसाठी करमळी आणि दक्षिण गोव्यासाठी मडगाव, उगाच सगळेच मडगावला उतरून टॅक्सीला पैसे घालतात. थिवीम सोडलं की करमळीच्या आधी मांडवीचा पूल आणि पुढे झुवारीचा, तेवढ्यासाठी दाराजवळच्या खिडकीत जाऊन उभं राहायला हरकत नाही.

परतीचं. लोक जायचं तिकीट काढतात आणि परतीचं विसरतात, मग गौरी-गणपतीच्या विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सगळं गाव एकाच गाडीच्या मागे. परतीच्या तारखेचं बुकिंग वेगळ्या दिवशी उघडतं, त्याचाही गजर आत्ताच लावून ठेवा. २०११२ मडगावहून संध्याकाळी ७ च्या सुमारास सुटते, पावसाळ्यात साधारण तासभर आधी, आणि त्याने पुढची सगळी स्टेशनं अलीकडे सरकतात. इथे तारखेचा घोळ सिंधुदुर्गवाल्यांना नाही, सावंतवाडी, कुडाळ, कणकवली सगळी त्याच संध्याकाळी होतात. मध्यरात्र होते ती रत्नागिरीच्या आसपास, त्यामुळे चिपळूण, खेडवरून चढणाऱ्यांनी तारीख दोनदा बघा, मी वर सांगितलेलं सगळं तुम्हाला उलट्या दिशेने लागू. तुमच्या तिकिटावर सोमवार असेल तर रविवारी रात्रीच स्टेशनवर पाहिजे.

पनवेलला ही गाडी पहाटे येते, चांगलीच अंधारात, आणि तेव्हा सगळा डबा घोरत असतो. आधीच बॅगा दाराजवळ आणून ठेवा, नारळाची पिशवी बर्थखालून काढायलाच दोन मिनिटं जातात. मागच्या वर्षी आमची पिशवी फाटली आणि तीन नारळ सीटखालून गडगडत पार दुसऱ्या टोकाला गेले, दोन सापडले, तिसरा सीएसएमटीला गेला असणार.